फ्रान्समधल्या गावची घंटा

फेल्डहोवन (हॉलंड), रविवार, ऑगस्ट २००५

परवा सकाळी फ्रान्समधल्या त्या चिमुकल्या गावात चर्चच्या दाराशी बूट काढले आणि देवळात शिरावं तसा, सवयीनं, दोर ओढून घंटा वाजवली. कुणी गेलं की काय, म्हणून शेतातली माणसं धावत आली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या म्हातारीनं माझ्या मोज्यांकडे पाहिलं, हसली आणि हातावर दोन प्लम ठेवले.

"अहो, प्रसादही मिळाला की," सुमन म्हणाली.

इथे घरी मात्र शेजारी काय म्हणतील या संकोचानं आमची पूजेची घंटा दोन वर्षं फडक्यात गुंडाळलेली. कुणाला भीत होतो मी? मोज्यांना हसणारी ती म्हातारी डोळ्यांपुढून जात नाही.

आज आरतीला सुमन म्हणाली, "हळू हं."

मनसोक्त वाजवली.