तिन्हीसांजेला नाव घेऊ नये

प्रिय दीप्ती,

पाकीट बघून घाबरू नको बाय, सगळी धड आहोत. फोन असताना आईला हे काय खूळ सुचलं म्हणशील, तर ते सांगते शेवटी.

सध्या आपल्या काजूच्या बागेत जनावर येतंय. पुण्यात राहून विसरली असशील, आपल्याकडे गाईबैल म्हणजे गुरं. जनावर म्हणजे एक तर साप, नाही तर ते ठिपक्यांचं. कोणतं, ते सांगणाऱ्याच्या आवाजावरून कळतं. मागच्या आठवड्यात रत्नागिरीहून वनखात्याचा स्वरूप नावाचा मुलगा चौकशीला आला, तोही संध्याकाळचा. ज्याला त्याला विचारी, काय पाहिलंत? जो तो म्हणे, जनावर. अहो, पण कोणतं? शेजारच्या गंगाकाकूने त्याला चहा दिला, खोबऱ्याची वडी दिली, नाव काही दिलं नाही. तिन्हीसांजेला नाव घेतलं की ते दारात येतं, हे त्या पोराला कोण सांगणार. तुझे बाबा विहारात अंधश्रद्धेवर तासभर भाषण ठोकतात, पण त्यांच्याही तोंडून बिबट्या हा शब्द निघाला नाही. मी हसले तर माझ्यावरच डाफरले.

खरं सांगू, मी त्याला पाहिलंय. पहाटे पाणी तापवायला उठले होते. बागेत धुकं इतकं, की झाडांचे नुसते बुंधे दिसत होते. कुंपणाच्या दगडी गडग्यावर ते बसलं होतं, पुढचे पाय दुमडून, आपल्याच घराकडे बघत. मोहोराचा वास येत होता. मला भीती कशी ती वाटलीच नाही. किती वेळ गेला कोण जाणे, मग धुकं हललं आणि गडगा रिकामा दिसला. ते उठून गेलं की मुळात नव्हतंच, मला अजून सांगता येत नाही. पण त्या वेळी तुझी फार आठवण आली.

तू ठरलेलं लग्न मोडून निघून गेलीस त्याला पाचवं वर्ष लागलं. त्या दिवशी बाबा म्हणाले, ह्या घरात तिचं नाव घ्यायचं नाही. तेव्हापासून तू आमची 'ती' झालीस. तिचा फोन आला का, तिकडे थंडी फार आहे म्हणे, तिला खोकला होता तो गेला का. इतकी वर्षं मी समजत होते की हा राग आहे. पण रागावलेला माणूस रोज बातम्यांत पुण्याचं हवामान बघत नाही. घाबरलेत गो ते. नाव घेतलं आणि तू डोळ्यांपुढे उभी राहिलीस तर काय करायचं, ह्याला घाबरलेत.

काल दिवेलागणीला ते पडवीत बसले होते, मी आत भाकऱ्या करत होते. बाहेरून हाक आली, दीप्ती. नीट, मोठ्याने, तू बागेत खेळायला गेलीस की मारायचे तशी. मी पिठाच्या हातानेच बाहेर धावले. माझ्याकडे न बघता म्हणाले, ह्या वेळेला नाव घेतलं की येतं म्हणतात, बघूया. मग म्हणाले, तिला लिही. फोन नको, फोनवर माझा आवाज नीट राहणार नाही. म्हणून हे पत्र. आता शेजारी बसून मी काय लिहिते ते वाकून वाचतायत, आणि घाबरलेत असं लिहिलंयस ते खोड म्हणतायत. मी खोडणार नाही. पेन मागतायत, देते.

तुझीच,
आई

दीप्ती, घरी ये. लग्नाचं कोणी विचारणार नाही.
बाबा