भिजलेली हळद आणि दोन ओळींचे पत्र

वडूज, शनिवार

ती. दादासो मामांना जयराजचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा, मामी आणि म्हैस, तिघांची तब्येत बरी असावी (क्रम मानाचा नाही, दुखण्याचा आहे). गेल्या वर्षी मी तुमच्या विहिरीवरच्या मोटरीला मोबाईलचा स्टार्टर (कुठूनही फोन लावून मोटर चालू-बंद करायची पेटी) बसवला, इथे वडूजला बसून 'नुसती चाचणी' घेतली आणि शेजारच्या भरतेशअण्णांची वाळत घातलेली हळद पाण्यात गेली. तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहितो.

मला काम मिळाले आहे. पुण्याच्या संयोगिता मॅडम तीस वर्षे एकाच प्रश्नामागे आहेत: माणसे यंत्रावर विश्वास ठेवतात म्हणजे नक्की काय करतात? सुरुवात त्यांनी एसटीडी बूथपासून केली. तेव्हा लोक बूथमधून पोराशी बोलत आणि घरी येऊन तोच मजकूर पोस्टकार्डावर लिहीत. त्यावर त्यांचे पहिले पुस्तक झाले (मी वाचले, अठरा पाने समजली). आता चौथे या शेतातल्या स्टार्टरवर चालू आहे, आणि मी त्यांना माझ्या गाडीवरून गावोगाव नेतो.

परवा जतकडे गेलो. मॅडमच्या मोबाईलने रस्ता दाखवत आम्हाला थेट मेंढरांच्या वाड्यात नेले आणि 'तुम्ही पोहोचला आहात' असे सांगितले. मेंढरांचा मालक धुळा म्हणाला, "आवं बाई, त्यो फोन हितला न्हाई, मी हितला हाय. मला इचारा की!" मॅडमनी मग प्रश्नही त्यालाच विचारले. स्टार्टरवर विश्वास आहे का? "लय हाय!" म्हणत त्याने तिथूनच स्वतःच्या मोटरीला फोन लावला. स्टार्टर बोलला, मोटर चालू आहे. धुळाने फोन ठेवला आणि लगेच बायकोला लावला, "अगं, मोटर चालू झाली का बघून ये जा." मॅडम इतक्या हसल्या, की हातातली प्रश्नावली मेंढीने अर्धी खाल्ली तरी त्यांना कळले नाही. म्हणाल्या, "जयराज, तीस वर्षं मी हेच लिहितेय!"

मॅडम मला त्यांच्या साताऱ्याच्या कार्यालयात कायम ठेवायला तयार आहेत. बाकी सर्व ठीक.

तुमचा भाचा,
जयराज

ता. क. खरे काम सांगायचे राहिले. मॅडमना बारावीचे प्रमाणपत्र नको (ते नाहीच). ज्याचे माझ्या हातून नुकसान झाले, अशा माणसाचे 'या मुलावर विश्वास ठेवायला हरकत नाही' असे दोन ओळींचे पत्र हवे. त्याशिवाय काम कायम होणार नाही. तशी माणसे दोनच: हळद गेली ते भरतेशअण्णा, आणि माझ्यापायी त्यांची बोलणी खाल्ली ते तुम्ही. भरतेशअण्णांना विचारायची माझी छाती होत नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी धीर करून तुम्हाला फोन लावला. यादीत 'मामा'च्या खाली 'मामा मोटर' आहे, तिथे बोट पडले. ज्याचा नंबर आत भरलेला असतो त्याचेच तो स्टार्टर ऐकतो, आणि माझा तुम्ही कधीच काढला असणार अशी माझी खात्री होती. पण मोटरीने पहिल्याच रिंगला उचलला (तुमच्यासारखे नाही) आणि ती चालू झाली. मी ताबडतोब बंद केली. स्टार्टर म्हणाला, बंद आहे. तरी मामीला फोन करून बघायला पाठवले. ती बघून आली. बंदच आहे.

मग मामी म्हणाली, "आरं, तुझा नंबर काढाय मेकॅनिक आणला व्हता. ह्यांनीच त्याला माघारी लावला. म्हनलं, ऱ्हाऊ दे पोराचा नंबर."

मामा, म्हणजे पत्र तुम्ही वर्षापूर्वीच दिले आहे. फक्त कागदावर उतरवायचे राहिले.