दस्त्याचा तुकडा

२ ऑक्टोबर

आले बाई एकदाची माझ्या घरी. चोपन्नाव्या वर्षी पहिलं लग्न करून नवऱ्याच्या घरी सामान टाकायचं म्हणजे हसू यायचीच गोष्ट आहे. सामान तरी केवढं? दोन ट्रंका, शिलाई मशीन आणि आमच्या बाबांची हत्यारांची लाकडी पेटी. रेइनोने अंगणातला पाला झाडून ठेवला होता. ओट्यावर वेलचीचा पाव झाकलेला होता, बाजूने करपलेला, पण त्याने स्वतः केलेला. मी दोन तुकडे खाल्ले आणि छान झालाय म्हटलं. तो म्हणाला, एवढ्यात खोटं बोलायला लागलीस, म्हणजे संसार टिकणार आपला.

मागच्या दारातून उतरलं की वाफेची न्हाणी, तिच्यामागे पाणथळीचं रान, आणि वारा उत्तरेचा असला की सुपीरियर सरोवराच्या लाटा ऐकू येतात. इतकी वर्षं एकटीने ताट वाढून घेतलं. आज दोन ताटं मांडली आणि उगीचच डोळे भरून आले. आता हा माणूस मला शेवटपर्यंत हवा. बाकी काही मागायचं नाही.

९ ऑक्टोबर

पलीकडच्या सायमीबाई नवी नवरी बघायला आल्या. वय ब्याऐंशी, जीभ विशीतली. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाल्या की रेइनोने उशीर केला खरा, पण लाकूड चांगलं वाळलेलं निवडलंय. कॉफीचे तीन कप रिचवूनच उठल्या.

कोठीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीच्या खुणा आहेत. दर खुणेपाशी रेइनोच्या अक्षरात वय, शेवटचा आकडा अकरा. त्याला मुलगी होती आणि ती गेली, एवढं त्याने लग्नाआधी सांगितलं होतं. इल्मी नाव. तिची आईही पुढे घर सोडून गेली आणि परगावी वारली. कशाने गेली इल्मी, ते मी विचारलं नाही. चौकट पुसते आणि खुणा तेवढ्या सोडते.

१४ ऑक्टोबर

आज न्हाणीच्या माळ्यावर सरपण चढवताना गोणपाटात गुंडाळलेली बंदूक सापडली. पंपाची, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे सरकवली की नवं काडतूस भरणारी. काय तिची दशा! वर्षानुवर्षं वाफ खाऊन नळी तांबडी झालेली, मूठ जागीच अडकलेली. आमच्याकडे माणूस एकवेळ स्वतः ओला झोपेल, पण बंदूक कोरडी केल्याशिवाय झोपत नाही. बाबांनी पाहिली असती तर रडले असते. चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या त्यांनी, आणि मी त्यांच्या बाकाखाली खेळतच मोठी झाले.

पंधरा नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्या दिवशी इथे शाळासुद्धा बंद. सगळं गाव आत्तापासून त्याच धांदलीत आहे, आणि माझा नवरा खिडकीकडे पाठ करून बसतो. सायमीबाई म्हणतात की एकवीस वर्षं तो रानात गेलेला नाही. बंदूक वाया गेली म्हणून मन खट्टू झालं असेल, असं मला वाटतं. गुपचूप नवी करून त्याच्या हातात ठेवणार आहे. बघू या मग, हसतो का नाही ते.

१९ ऑक्टोबर

रेइनो लाकडाच्या वखारीत गेला की मी शिवणाच्या खोलीत कामाला बसते. आधी बंदुकीच्या पोटात काडतूस नाही ना, ते नीट पाहिलं. मग सगळे भाग सुटे करून रॉकेलमध्ये भिजत टाकले. तिसऱ्या दिवशी मूठ जी सरकली, त्या आवाजाने अंगावर रोमांच आले. नळी तारेच्या घासणीने आणि तेलाने घासतेय. दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडाला, पडलेले पोचे ओलं फडकं ठेवून वर इस्त्री फिरवून काढले. वाफेने लाकूड फुगतं आणि खड्डा भरून येतो, ही बाबांची युक्ती.

दस्ता मात्र आखूड आहे. मुलांसाठी कापतात तसा कापलेला. कापलेला दोन इंची तुकडा गोणपाटातच होता, रबरी गादी आणि दोन स्क्रूंसकट. हा तुकडा कधी कुणी टाकत नाही. पोर वाढलं की बापाने तो परत जोडायचा आणि त्या वर्षीपासून पोराला मोठ्यांत धरायचं. म्हणजे ही रेइनोची लहानपणची बंदूक असणार. तुकडा जोडायचा राहूनच गेला वाटतं. गडी साठीचा झाला तरी!

२६ ऑक्टोबर

तुकडा जोडला. सांधा असा बसला की नखही अडकत नाही. वरून जवसाच्या तेलाचे चार हात दिले. मी हे काम विसरले नाही, याचा मला फार आनंद झालाय. उद्या जेवणानंतर देणार.

२७ ऑक्टोबर

मी काय करून बसले!

त्याने बंदूक हातात घेतली आणि आधी तो हसला. मग खांद्याला लावली. दस्ता त्याच्या खांद्याला बरोबर बसला आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. बोटाने तो सांधा चाचपत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "ती मोठी झाली, असं कोणी सांगितलं तुला?"

मी पळत सायमीबाईंकडे गेले. त्यांनी मला बसवलं आणि सगळं सांगितलं. बंदूक इल्मीची. अकराव्या वर्षी पहिल्यांदा बापाबरोबर रानात गेली. रेइनोने तिला झाडाच्या एका खुंटावर बसवलं, मी येईपर्यंत जागची हलू नकोस म्हणाला, आणि जखमी हरणामागे गेला. बर्फाचं वादळ आलं. रात्रभर त्याला वाट सापडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पोचला, तेव्हा पोर तिथेच बसलेली होती. बंदूक मांडीवर. जरासुद्धा हलली नव्हती.

त्या दिवसापासून ती बंदूक त्याने पुसली नाही. सायमीबाई माझा हात धरून म्हणाल्या की तुझा काय दोष, तू तर प्रेमाने केलंस. त्याने काही बरं वाटलं नाही.

२९ ऑक्टोबर

चौकटीवर नवी खूण आहे. अकराच्या वर बोटभर. समोर बारा.

रेइनोला वाटलं मी काढली, मला वाटलं त्याने. दोघंही एकमेकांवर चिडलो. मग त्याने चष्मा लावून आकडा पाहिला आणि तिथेच जमिनीवर बसला. अक्षर त्याचं नाही. बाराचा दोन उलटा आहे. इल्मी दोन उलटा काढायची, शाळेत मार खायची त्यावरून.

३ नोव्हेंबर

सतरा. रोज सकाळी एक. बंदूक ठेवली आहे त्या कोपऱ्यात पाण्याचं थारोळं असतं, बर्फ वितळल्यासारखं. अजून बाहेर बर्फ पडलेला नाही.

ओल्या लोकरीचा वास येतो. भर दुपारी, चुलीशेजारी.

६ नोव्हेंबर

तुकडा काढायला गेले. स्क्रू हलेनात. मीच बसवलेले स्क्रू! मग करवत घेतली. पहिला दात लाकडात रुतला तोच रेइनोने मागून माझा हात धरला. ओरडला नाही. म्हणाला, "हेल्वी, एकदा मी तिला थंडीत बसवून आलो. आता तू बसवू नकोस."

करवत खाली ठेवली. काय करणार? बाबा, तुम्ही असता तर कापला असता?

९ नोव्हेंबर

तो आता तीन ताटं मांडतो. मोकळ्या खुर्चीशी बोलतो, हरणांचं, हवेचं. आज खळखळून हसला. लग्नाला सव्वा महिना झाला, मी त्याला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मला तेच पाहायचं होतं ना — मग कोठीत जाऊन रडले कशाला?

खूण माझ्या कानापर्यंत आली आहे. तिथे थांबली. आता नुसते आकडे वाढताहेत.

१२ नोव्हेंबर

सायमीबाईंनी दारातूनच विचारलं, घरात पाहुणी कोण आलीय, खिडकीत उभी होती ती. मी म्हटलं कोणी नाही. त्या आत आल्या नाहीत. कॉफीला नाही म्हणाल्या — सायमीबाई!

१४ नोव्हेंबर

बर्फ लागला.

जेवताना त्याने सांगितलं. शांतपणे, वखारीतलं काम सांगावं तसं. मी येईपर्यंत, असं त्याने तिला सांगितलं होतं. ती घरात येते, वाढते, पण राहता येत नाही तिला, जागा सोडायची परवानगी नाही. म्हणून उद्या तो जाणार. खुंटावर तो बसेल — मग तिला उठता येईल.

मी पाया पडले त्याच्या. मी येते म्हटलं. मी बसते म्हटलं. त्याने माझे केस मागे सारले. म्हणाला की कुणीतरी चूल पेटती ठेवायला हवी, एवढ्या वर्षांनी पोर घरी येणार.

आणि माझं काय? विचारलं मी. विचारलं. त्याने उठून चुलीत एक लाकूड सारलं —

१५ नोव्हेंबर, सकाळी

गेला. दोन वाट्या भाताची खीर खाल्ली, नारिंगी कोट घातला, बंदूक घेतली. दारात मला घट्ट धरलं. करपलेला पाव खाणारी बायको मिळाली, एवढं सुख पुष्कळ झालं, म्हणाला.

मागे गेले. रानाच्या कडेपर्यंत पावलं होती. पुढे बर्फ इतका की — हाका मारल्या. घसा बसला. गावातले लोक शोधायला गेलेत. सायमीबाईंनी फोन केला.

दुपारी तीन

लोक परत आले. वादळ. उद्या बघू म्हणतात.

उद्या.

चार वाजता

कोणीतरी येतंय. रानातून. नारिंगी कोट. देवा, रेइनो —

नाही. चाल त्याची नाही.

बाई आहे. तिशीची. त्याचा कोट, खांद्यावर ती बंदूक. कुडकुडतेय. पायऱ्या चढली. बूट आपटून बर्फ झाडतेय, रेइनो झाडतो तसा.

कडी हलवतेय —

हाक मारतेय. आई म्हणून. मला. आई, दार उघड, मी आले, बाबा म्हणाले की तू

दार उघडलं तर तो तिथेच राहिला, कायमचा. नाही उघडलं तर पोर पुन्हा बर्फात. माझा एकच माणूस होता. तिचे ओठ निळे पडलेत, काचेतून दिसताहेत. मला कुणी कधी आई म्हटलं नव्हतं. चूल पेटलेली आहे — रेइनो, मला माफ कर, मी उठतेय, मी