तुझ्या खोलीतला एसी

आई,

तुला आवडणार नाही, पण लिहून ठेवतो. या महिन्यात तुझ्या खोलीत बिअरचा डबा ठेवला होता. हौगांगच्या या फ्लॅटमधल्या त्या खोलीला आम्ही अजून तुझीच खोली म्हणतो. पाहुणे आले तरी मी त्यांच्या गाद्या हॉलमध्ये घालतो. पण तुझी नात आता कमावती झाली आहे. तिला घरी क्रीम एल करायची हौस आली, आणि ही हलकी बिअर आंबायला गार जागा लागते. "आज्जीची रूम एम्प्टीच आहे ना, बाबा," ती म्हणाली. शेवटी मी हो म्हटलं.

रविवारी तिने मोड आणून वाळवलेले सातू आणि थोडा मका, दोन्ही भरडून फडक्यात बांधले आणि गरम पाण्यात बुडवून ठेवले. थोड्या वेळाने वास सुटला आणि मी पेपर खाली ठेवला. मला दिसलं: ती तान्ही आहे, तू याच ओट्याशी उभी राहून तिच्या सत्त्वासाठी मोडाची नाचणी भाजते आहेस, आणि मी मध्ये लुडबुडतो म्हणून दटावते आहेस, "सोड तो झारा, करपवशील. तू आपला ऑफिसला जा." इकडे नातीने ते पाणी गाळून, हॉप्सची कडवट फुलं घालून उकळलं, निववून त्यात यीस्ट घातलं आणि डबा तुझ्या खोलीत नेला. एसी रात्रंदिवस चालू.

दुसऱ्या दिवशी मी पाया लेबारच्या ऑफिसातून घरी आलो. तुझ्या खोलीत एसी चालू आणि आत माणूस नाही. हात आपोआप बटणावर गेला. मी आंघोळीला गेलो तरी तू माझ्या खोलीतला एसी बंद करायचीस. "भिंतींना उकडतंय का?" म्हणायचीस.

सकाळी डबा कोमट लागला. "एसी कोणी बंद केला?" नातीने विचारलं, आणि मग स्वतःच हसत सुटली. "मस्ट बी आज्जी, लाह! दुसरं कोण?"

गारवा तुटल्यामुळे तयार बिअरला पिकल्या केळ्याचा वास आला. आम्ही दोघांनी ती तरीही प्यायली. बटण मी दाबलं होतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांनी या घरात तू काहीतरी केलंस असं कोणी म्हणालं, ते मला खोडावंसं वाटलं नाही.