आजीला दोन मात्रा कमी

तीर्थस्वरूप ताईस,

गुडघे वाकत नाहीत म्हणून खुर्चीत बसूनच, पण मनाने पार पायांपाशी येऊन केलेला तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. तुझी प्रकृती कशी आहे? भाची फोनवर सांगते की तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर आहे, फक्त मधूनच तू शाळेचं दप्तर कुठे ठेवलंय म्हणून विचारतेस. (मला यात काळजीचं काही दिसत नाही. मीही विचारतो. मी मनातल्या मनात विचारतो, म्हणून मला कुणी डॉक्टरकडे नेत नाही, इतकाच काय तो फरक.) इकडे मी बरा आहे. तुझी भावजय माझ्यापेक्षा बरी आहे आणि ही गोष्ट ती विसरू देत नाही. अंगणातल्या चिंचेला यंदा चिंचा उदंड आल्या आहेत. आणि या पत्राचं कारण ती चिंचच आहे.

फोन का केला नाही, असं तू म्हणशील. फोनवर तू "बरंय, बरंय" म्हणतेस आणि भाचीकडे देऊन टाकतेस. शिवाय काही गोष्टी कागदावरच शोभतात. मी हे लिहितो आहे आणि चिंचेला लावायची पाटी रंगवणारा बाहेर ओट्यावर पाय हलवत बसला आहे. त्याने पाटीवर 'हे झाड' एवढं सुबक अक्षरात लिहून ब्रश थांबवला आहे, कारण झाड कुणी आणलं ते मला त्याला सांगता येत नाही. माणसाला आपल्याच अंगणातलं झाड कुणी आणलं ते सांगता येऊ नये! मला तर ते तिसरीपासून पाठ होतं. तुलाही पाठ असेल:

आजोबांनी जपुन आणिले
बीज दूरच्या डोंगरातले

पुढची कडवी लिहीत नाही, कागद संपेल. (तुझी भावजय म्हणते, कागद आधीच संपला तर बरं.) ही माझी कविता शाळेत फळ्यावर लिहिली गेली होती, आणि तिची एकेक मात्रा जिन्याच्या पायरीवर टाळ्या वाजवत तू मोजून घेतली होतीस. लघूला एक टाळी, गुरूला दोन. सोळाला एक जरी कमी पडली तरी तू माझा कान धरायचीस. त्या कानाची शपथ घेऊन सांगतो, पुढे टपालखात्यात उभी हयात पत्रांचे गठ्ठे गावोगावच्या खणांत टाकताना मी त्याच ठेक्यावर टाकत आलो. खाडीवरची पत्रं चुकून डोंगरात गेली असतील तर ती वृत्ताच्या ओघात गेली.

तर, एक दिवस फाटकाशी एक बाई आल्या. पाठीवर पिशवी, हातात लांब काठीची आकडी. आमच्या गल्लीत त्यांना आता सगळे 'पानवाल्या बाई' म्हणतात, पण त्या विद्यापीठात संशोधन करतात आणि डोंगरापासून समुद्रापर्यंत जुन्या चिंचांची पानं गोळा करत हिंडतात. कशासाठी? तर चिंच या मुलखात कुठून कुठे कशी पसरली, ते पानातल्या डीएनएवरून शोधायला. मी म्हटलं, बाई, एवढ्या लांबून कशाला आलात, आमची चिंच कुठून आली ते मी आत्ता म्हणून दाखवतो. आणि दाखवली. पाचही कडवी. बाई सभ्य होत्या, उभ्या राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "छान आहे काका. पण मला पान लागेल."

मग त्यांनी समजावून सांगितलं, ते मी तुला माझ्या टपालाच्या भाषेत सांगतो. झाड चालत नाही, पण बी चालते. माकडाच्या पोटातून, पुराच्या पाण्यातून, माणसाच्या खिशातून. बी कुठून निघाली हे झाड तोंडाने सांगत नाही, पण पानाच्या हिरवेपणात एक वेगळा छोटासा डीएनए असतो, तो फक्त आईच्या झाडाकडून लेकीला मिळतो. बापाचा पराग माश्यांबरोबर येतो, कुठलाही येतो, त्याचा इथे काही शिक्का उमटत नाही. आईचा मात्र उमटतो. पाकिटावरचा पत्ता पावसाने धुऊन गेला तरी ज्या गावाहून निघालं त्या गावचा ठसा कोपऱ्यात राहतो ना, तसं. (हे ऐकून तुझी भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, "झाडांना जे कळतं ते माणसांना कळायला अजून वेळ आहे." कुणाला उद्देशून, ते मी विचारलं नाही.)

बाईंना त्या दिवशी पुढे जायचं होतं आणि आमच्या चिंचेला कोवळी पालवी यायची होती. म्हणून त्या मला एक पाकीट देऊन गेल्या. आत पांढरे दाणे होते, औषधाच्या बाटलीत पुडी असते तसले. पालवी आली की एक कोवळा डहाळा त्यात घाला, तोंड बंद करा, पाठवून द्या. सोपं काम. आता ताई, तूच सांग. त्या दाण्यांवर 'खाऊ नये' असं लाल अक्षरांत लिहिलेलं. नुकत्या उघडलेल्या, नखाएवढ्या, लाजऱ्या पानांना मी विषाच्या दाण्यांत कोंडू? आणि बाई म्हणाल्या होत्या की दाणे ओल शोषून घेतात. म्हणजे वाटेत तहानेने मारायचं! माझ्याच्याने होईना. मी दाणे काढून टाकले, स्वच्छ हातरुमाल ओला करून त्याची मऊ गादी केली, डहाळा तिच्यावर निजवला, आणि टपालखात्याचा आयुष्यभराचा अनुभव पणाला लावून पाकीट असं घट्ट चिकटवलं की वारा आत जायचा नाही.

वारा गेला नाही. काही दिवसांनी बाईंचा फोन आला. आवाज शांत होता, पण दात आवळून शांत होता. "काका, पाकिटात दाणे होते, ते कुठे गेले?" मी खरं ते सांगितलं. मग कळलं की पाकिटात आता चिंच नाही, फक्त बुरशी आहे. हिरवी, मखमली, निकोप बुरशी. "म्हणजे आपल्या आजोबांनी डोंगरातून बुरशी आणली होती तर," तुझी भावजय म्हणाली, आणि दोन दिवस ती मला त्याच वाक्याने चहा देत होती.

शेवटी बाई स्वतःच आल्या. आकडी फांदीपर्यंत पोचेना, म्हणून मी स्टुलावर चढलो. (गुडघ्यांबद्दल वर लिहिलं आहे. ते चढताना वाकले, उतरताना वाकेनात.) बाईंनी खालून डहाळा घेतला, तुझ्या भावजयीने खालून मला घेतलं, आणि दोघी वर बघत माझ्याबद्दल असं बोलत होत्या जणू मीही एक फांदीच आहे. "असंच असतं का हो यांचं?" "लग्नाआधीपासून. माझ्या वडिलांना कवितेतच होकार कळवला होता." त्या दिवशी बाईंनी मला प्रयोगशाळा बघायला बोलावलं. मला वाटतं, मी पुन्हा कुणाच्या पानाची कणव करू नये म्हणून.

ताई, मी गेलो होतो. मला वाटलं होतं भव्य काहीतरी असेल. ती तर आपल्या टपाल कचेरीच्या मागल्या खोलीएवढी खोली निघाली. दाराशी चपला, भिंतीशी गुरगुरणारा फ्रीज, त्यावर 'यात डबे ठेवू नयेत' अशी चिठ्ठी, आणि हातमोजे घातलेला एक सहायक, जो माझ्याकडे बघून म्हणाला, "अच्छा, रुमालवाले काका." त्याने वाफाळणारं पण बर्फाहून गार असं काहीतरी ओतून आपल्या चिंचेची पानं खलात कुटली. मी दुसरीकडे बघितलं. मग यात घाल, त्यात घाल, फिरव, निथळव, असं बराच वेळ चाललं. आणि अखेर त्याने एक बोटाएवढी नळी माझ्या डोळ्यांपुढे धरली. तिच्यातल्या पाण्यासारख्या द्रवात एक पांढरा धागा तरंगत होता. कापसाच्या पेळूतून नुकता सुटलेला असावा, इतका हलका. तो म्हणाला, "हा तुमच्या झाडाचा डीएनए." मी चष्मा काढला आणि पुसला. तो चष्म्याचा दोष नव्हता.

निकाल यायला एक ऋतू गेला. बाई तो घेऊन घरी आल्या. सोबत नकाशा होता. डोंगरातल्या चिंचा निळ्या ठिपक्यांच्या, खाडीकाठच्या चिंचा केशरी ठिपक्यांच्या. आपल्या वस्तीत सगळे निळे ठिपके, शाळेतली चिंच निळी, पाणवठ्यावरची निळी. आणि त्या निळ्यांच्या मधोमध एकच केशरी ठिपका. मी बोट ठेवून विचारलं, हे काय, शाई सांडली का? बाई म्हणाल्या, "हे तुमचं अंगण आहे."

आजोबा जन्मात खाडीकडे गेले नव्हते. बोटीचं नाव काढलं तरी त्यांना मळमळायचं. मी म्हटलं, पुन्हा तपासा. त्या म्हणाल्या, दोनदा तपासलं. मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि साधेपणाने विचारलं, "घरात कुणी तिकडचं होतं का?" आणि तुझी भावजय शेंगा सोलता सोलता, मान वर न करता म्हणाली, "सासूबाई सांगायच्या की. आजेसासूबाईंचं माहेर खाडीवरचं."

ताई, मी इतकी वर्षं त्या झाडाखाली उभा राहून कविता म्हटली आणि हा प्रश्न मला शिवलासुद्धा नाही. यंत्र फक्त कुठून ते सांगतं. कसं ते सांगत नाही, बाईंनी हे तीनतीनदा बजावलं. पण कसं, ते मला दिसलं. आजी स्वयंपाकघरामागच्या पडवीत बसायची आणि तुझ्याशी चिंचोके खेळायची. (मला घेत नसत. मी मध्येच कविता म्हणतो अशी तक्रार होती.) ती इथे आली तेव्हा तुझ्याच त्या वयाची असेल. एवढीशी पोर. इथे तिच्याशी खेळायला कोण होतं? तिने खेळायला मूठभर चिंचोके बांधून आणले असतील, आणि त्यातला एक अंगणात हरवला असेल. बस, एवढंच. कुणी काही जपून आणलं नाही, छातीशी धरलं नाही, डोंगर ओलांडला नाही. एका मुलीचा खेळ मोडला, त्याची सावली आपल्या तीन पिढ्यांनी घेतली आणि वर आजोबांचं कौतुक गायलं.

तेव्हा कविता दुरुस्त करणं भाग आहे. 'डोंगरातले' च्या जागी 'खाडीवरले' चपखल बसलं, आठाला आठ मात्रा. घोडं अडलं ते पहिल्या ओळीत. 'आजोबांनी' च्या आठ मात्रा. 'आजीने' च्या सहा. दोन मात्रा कमी! तुझ्या भावजयीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग 'आजीने ते' म्हणा आणि जेवायला चला." बसतं, नाही असं नाही. पण 'ते' हा भरतीचा शब्द आहे, ताई. आजी घरात जन्मभर भरतीच्या शब्दासारखीच वावरली, होती म्हणून ओळ पुरी व्हायची आणि अर्थ मात्र दुसऱ्याच्या नावावर. आता कवितेत तरी तिच्या शेजारी भरतीचा शब्द बसवायला माझं मन घेत नाही. तरी तू सवडीने दोन मात्रांचं काही सुचव. घाई नाही. एवढ्यासाठीच पत्र लिहिलं.

प्रकृतीस जप. भाचीला आशीर्वाद.

तुझा,
ज्याचा कान अजून लाल आहे तो भाऊ

ता. क. घाई नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडायचं राहिलं. विद्यापीठाकडून प्रत्येक जुन्या झाडाला पाटी लागणार आहे, आणि झाड कुणी आणलं ते माहीत असेल तर नाव घालायचं आहे. पाटी रंगवणाऱ्याला मी म्हटलं, लिही, 'आजीने आणले'. तो म्हणाला, "काका, कुणाच्या आजीने? सगळ्यांना आजी असते." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला आजीचं नाव माहीत नाही. आपण आजी म्हणायचो. बाबा आई म्हणायचे. आजोबा नुसतं "ऐकलंस का" म्हणायचे. आजोबांचं नाव फाटकावर आहे, ट्रंकेवर आहे, छत्रीच्या दांड्यावरसुद्धा आहे. तिचं कुठेच नाही, मी सगळं घर पालथं घातलं. चिंचोक्यांच्या खेळात तिला नावाने हाक मारायची मुभा फक्त तुला होती, म्हणून ते माहीत असलेलं आता या जगात तूच एक आहेस. ताई, आजीचं नाव काय होतं ग?

ता. क. दुसरा, हे पत्र वाचून दाखवणाऱ्या माझ्या भाचीस: बाळ, तिला एकदम विचारू नकोस. गोंधळते आणि मग रडते, तूच सांगत होतीस. सोबतच्या पुडीत आपल्या झाडाचे चिंचोके घातले आहेत, वाळवून, कोरडे, रुमालाशिवाय. सकाळी तिला बरं वाटत असेल तेव्हा हातात दे आणि समोर खेळायला बस. हरू दे तिला, जिंकू दे. खेळता खेळता कुणाला तरी हाक मारेल. जी मारेल ती मला लगेच कळव.

ता. क. शेवटचा. पाटी रंगवणारा गेला. 'हे झाड' च्या पुढे त्याने जागा सोडली आहे. ताई, नाव चार मात्रांचं असो, पाचांचं असो, अकरांचं असो, ओळीत बसो की न बसो. तू फक्त सांग. मी वृत्त मोडीन.