उलटी बसलेली चिप

३ मार्च

प्रिय ठोंब्या,

आम्ही इकडे मजेत, तूही तिकडे मजेत असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस की नाही, देव जाणे. पत्र मात्र दाराच्या फटीतून आत पडतंच, ते काही सायलेंटवर टाकता येत नाही. कशी जिरवली!

काम असं आहे. माळा आवरताना आपलं खोकं सापडलं. तेच, अर्धा कॉम्प्युटर आणि अर्धा व्हिडिओ गेम. बाबांनी अभ्यासाला म्हणून आणलं, आणि तू वरून कॅसेट खोचून दिवसभर रणगाडे उडवत बसायचास. मग मी की-बोर्डसाठी तुझ्या पाठीत गुद्दे घालायचे. ते मी उघडलंय. हसू नकोस. लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवते मी, बारीक कामाची सवय आहे. फुगलेले कपॅसिटर काढून नवे लावले. आजच्या टीव्हीला जोडता यावं म्हणून नवं सर्किट बसवलं. मेमरी वाढवायची चिप मागवली, बसवली, बटण दाबलं आणि फस्स! तुझे दाजी खिडक्या उघडत धावले.

काय चुकलं असेल? टीव्ही दुरुस्त करण्यात तुझी हयात गेली, तुलाच ठाऊक. मला चैन पडत नाहीये, घरभर येरझारा चालल्यात. कळव.

तुझी ताई

१९ मार्च

ठोंब्या,

"चिप उलटी बसवलीस. खाच बघ." याला पत्र म्हणतात? ना नमस्कार, ना सही! पण अक्षर तुझं होतं. मी ते पोस्टकार्ड लॅबमध्ये घेऊन गेले आणि त्या नादात एका आजोबांचे वरचे दात खालच्या कवळीत बसवले. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. झापू दे.

नवी चिप आणून, तिच्या कडेची खाच बघून सरळ बसवली. आता चित्र येतं, पण रंग येत नाही, सगळं काळंपांढरं. हे का होत असावं?

आणि तू जेवतोस ना वेळेवर? दुकान उघडलंस का? सहज विचारतेय. चिमी असती तर तिनेच कळवलं असतं सगळं, तुझ्या तक्रारींसकट. असो. रंगाचं सांग.

ताई

२ एप्रिल

अरे वा, या वेळी अख्खं पान! आणि वर आकृती! दाजी म्हणाले, शाळेत एवढी नीट काढली असती तर मार पडला नसता. तू लिहिलंस, "ताई, असं होणं शक्य नाही, तरी या तीन जागा तपासून बघ." तपासल्या. रंग आले. आता तीन नंबरचं बटण दाबलं की पडद्यावर आठ उमटतो. काय करू?

जेवणाचं मात्र तू याही वेळी गाळलंस. तुझ्या समोरच्या काकूंचा फोन आला होता. दुधाच्या पिशव्या दारात तशाच पडलेल्या असतात म्हणाल्या. दुकानाच्या शटरवर कुणी पत्रकं चिकटवून गेलंय म्हणे. मी म्हटलं, कामात असेल. फोन ठेवला आणि मला बसवेना. कपाट आवरलं, परत विस्कटलं, परत आवरलं. उत्तर लवकर दे, उशीर झाला की मला नाही नाही ते दिसायला लागतं.

ताई

१५ एप्रिल

प्रिय ठोंब्या,

तुझं पत्र आलं. "पत्रातून हे जमायचं नाही. रविवारी येतो, माझी हत्यारं घेऊन येतो, तोवर कशालाही हात लावू नकोस." मी ते वाचलं आणि ओट्याशी उभी राहून रडले. मग घाबरले.

कारण मशीन चांगलं आहे रे. दुसरी चिप बसली त्या दिवसापासून टुणटुणीत चालतंय. पहिली चूक माझी खरीच होती. नंतरचं काळंपांढरं चित्र, तिनाचा आठ, सगळ्या थापा. तुला विचारायला काहीतरी हवं होतं. "कसा आहेस" विचारलं की तू गप्प, आणि चिप जळाली म्हटलं की उत्तर हजर!

आता तू येणार, तर काहीतरी बिघडलेलं हवं ना. म्हणून काल सकाळी खोकं उघडलं, चांगली चिप उपटली आणि उलटी धरून खाचेवर बोट ठेवून बसले. माझ्याच्याने होईना. चालत्या गोष्टीचा गळा दाबायचा तरी कसा? सरळ बसवली आणि झाकण लावलं. तुझ्याच्याने कसं झालं रे? दुकानाला कुलूप, फोनला कुलूप, तोंडाला कुलूप. चिमी गेली. ती माझी भावजय कमी आणि मैत्रीण जास्त होती, मलाही गाडीच्या प्रत्येक हॉर्नला वाटतं की ती खाली उभी आहे. पण ती गेली म्हणून तूही जायचं, असं नाही ना ठरलं आपलं? तुझं काही बरंवाईट झालं तर मी काय करू? हे मला पहिल्याच पत्रात लिहायचं होतं. त्याऐवजी कपॅसिटर लिहिले.

दाजी म्हणतात हे पत्र टाकू नकोस, वाचून तो येणारच नाही. तीच धास्ती आहे. पण तू आलास की दोन मिनिटांत ओळखशील, आणि मी फसवून बोलावलं म्हणून आल्या पावली परत जाशील. आणि खरं सांगू? तुला आधीच कळलंय. "असं होणं शक्य नाही" लिहिणारा माणूस काय दूधखुळा आहे? कळलं, तरी आकृती काढून पाठवलीस. त्या एवढ्याशा गोष्टीच्या भरवशावर मी हे पत्र पेटीत टाकतेय.

हत्यारं नको आणूस, इथे दुरुस्त करायला काही नाही. नुसता ये.

जॉयस्टिक दोन्ही जोडून ठेवल्या आहेत. एकीचं बटण अजून अडकतं, ती मी घेईन.

रविवारी सकाळपासून खिडकीत उभी असणारी,
तुझी ताई