बारा पोती कोंबडखत

यांदेव, २८ जून १९९६
ति. तोरकुमादादास, धाकट्या इवेरेनचा सा. न. वि. वि.
नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं न होतं तोच दीर ओर्तेसेने बजावलं की वावर तू ओसाड पाडलंस, यंदा सोयाबीन आलं नाही तर चालती हो. रासायनिक खत बाजारात औषधालाही नाही. तुमच्या पोल्ट्रीवरची कोंबड्यांची विष्ठा फेकूनच देतात ना? पोती भरून पाठव, दादा. लेकराला, डोसूला, कडेवर घेऊन मी कुठे जाऊ?
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी इवेरेन

मकुर्डी, ९ जुलै
चि. इवेरेनला अनेक आशीर्वाद.
काल ट्रकवर बारा पोती चढवली. ड्रायव्हर नाक दाबून म्हणाला, लोक बहिणीला कापडचोपड पाठवतात! पण नीट ऐक. खत ताजं आहे, आतून तापतं. ढीग करून पाल्याने झाक, वरखाली कर, महिनाभर कुजू दे. पेरणी लांबली तरी चालेल. ताजं खत बियाला लागता कामा नये.
डोसूचा पापा घे.
तुझा दादा

यांदेव, २४ जुलै
ति. दादास सा. न.
पोती दुसऱ्याच दिवशी आली, पत्र काल. हंगाम जाईल म्हणून मी प्रत्येक खड्ड्यात बी आणि मूठभर खत एकत्रच टाकलं. अंकुर करपून गेले. ओर्तेसे बांधावरून हसला.
उरलेली तीन पोती आता कुजत घातलीत. बियाणं संपलं. डोसूच्या पेजेसाठी ठेवलेलं सोयाबीन तेवढं आहे. तू नको म्हणशील म्हणून आधीच सांगते, तेच पेरणार आहे. लेकराच्या तोंडचं काढतेय, मला शिव्या दे, पण अंतर देऊ नकोस.
इवेरेन

यांदेव, २ डिसेंबर
ति. दादास सा. न.
पाव वावरच पेरता आलं, पण शेंगांनी लगडलं. डोसूचे हात मात्र काटक्यांसारखे झालेत. आणि ओर्तेसेने काल पंच बसवले. म्हणाला, एवढी कसदार जमीन एकट्या बाईकडे कशाला?
तेव्हा त्याचीच बायको, वांदू, उभी राहिली. म्हणाली, आज हिला हाकललंत, तर उद्या मी विधवा झाल्यावर मलाही हाकलाल. पंच खाली बघू लागले. मला वावर कसायला आणखी वर्षाची मुदत मिळाली.
दादा, आज दुपार झाली तरी वांदूच्या चुलीचा धूर दिसलेला नाही. दोनदा तिच्या कुंपणापर्यंत गेले आणि ओर्तेसेला भिऊन परतले. हे पत्र टाकून पुन्हा निघालेय. या वेळी आत जाणार.
तुझ्या आशीर्वादाची आज फार गरज आहे.
इवेरेन